मीटरवर १८.२, तरी ब्लँकमध्ये पीक

जळगाव_क्यूसी
नमस्कार. आमची छोटी लॅब आहे, जळगाव एमआयडीसीत. एका गोळीची रिलेटेड सबस्टन्सची, म्हणजे औषधातल्या इम्प्युरिटी मोजायची, मेथड एचपीएलसीवर (द्रवातले घटक कॉलममधून वेगळे करणारं मशीन) चालू आहे. सी-१८ कॉलम, त्यातून जाणारे दोन द्रव: ए म्हणजे पाण्यात ०.१ टक्के फॉस्फोरिक ॲसिड, बी ॲसिटोनायट्राईल. ग्रेडियंट, म्हणजे बी वाढवत नेणं, ५ ते ९० टक्के; डिटेक्टर २१० नॅनोमीटरवर. थंडीत ब्लँक (औषध न घालता घेतलेला रन) स्वच्छ यायचा. आता ब्लँकमध्येच १७ आणि २१ मिनिटांना पीक (आलेखावरचे उंचवटे) येतात, आणि २१ चा नेमका आमच्या एका इम्प्युरिटीवर येऊन बसतो. पाणी आमच्याच मशीनचं: बोअर, सॉफ्टनर, आरओ, मग डीआय कार्ट्रिज (उरलेले आयन काढणारं). डिस्प्लेवर १८.२ मेगाओहम दिसतं म्हणून सर म्हणतात पाण्याचा विषय संपला, कॉलम बदला. मालकांना कॉलमचं नाव काढलं तरी घाम फुटतो. त्याआधी काय तपासू?

धुळेकर_ॲनालिस्ट
ताई, कॉलमला आत्ता हात लावू नका. १८.२ मेगाओहम हा आकडा पाण्यात आयन किती उरले एवढंच सांगतो. ज्या सेंद्रिय पदार्थांवर विद्युतभार नाही, ते त्या मीटरला दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, बघावा लागतो. २१० ला ग्रेडियंट चालवायचा तर तो दहा पीपीबीच्या (अब्जात दहा भाग) आत हवा, पाचच्या आत असला तर उत्तमच.

आधी इंजेक्शन न देता नुसता ग्रेडियंट चालवा. पीक तरीही आले तर व्हायल, सुई, डायल्युएंट (सॅम्पल विरघळवायचा द्रव) सगळे संशयातून सुटले. मग तोच रन तीन वेळा घ्या, फक्त सुरुवातीच्या ५ टक्के बीवर कॉलम एकदा ५ मिनिटं, एकदा १५, एकदा ३० मिनिटं ठेवा. मिनिटाला एक मिलीचा फ्लो धरला तर तिसऱ्या वेळी जवळजवळ ३० मिली पाणी कॉलमातून गेलेलं असेल. त्या प्रमाणात पीकचा एरिया वाढला तर घाण ए मधूनच येतेय. पाणी जास्त असेपर्यंत सी-१८ ही घाण तोंडाशीच धरून ठेवतो आणि ॲसिटोनायट्राईल वाढलं की सोडतो. पाटाला आवर्तन सुटलं की महिनाभर साचलेला काडीकचरा एकदम पुढे येतो ना, तसंच.

आणि पाणी भरून कशात ठेवता?

जळगाव_क्यूसी
सकाळी लाईटचा भरवसा नसतो, म्हणून संध्याकाळीच २० लिटरच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये भरून ठेवतो. टीओसी मीटर नाही. यूव्ही लॅम्प आहे, पण कधी बदलला ते लॉगबुकात सापडत नाही.

यावलचा_एमएस्सी
इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर चालेल का? स्वस्त पडेल.

धुळेकर_ॲनालिस्ट
नको भो, ते बॅटरीलाच राहू दे. उडणारे सेंद्रिय पदार्थ वाफेबरोबर पलीकडे जातात, आणि तेही प्लॅस्टिकच्याच कॅनमध्ये येतं.

ताई, माझा संशय तुमच्या कॅनवर आहे. १८.२ हे नळाच्या तोंडाशी. कॅनमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साईड विरघळतो आणि आकडा काही तासांतच घसरतो. तुम्ही ॲसिड टाकताच, त्यामुळे त्याचं काही नाही. प्लॅस्टिकमधून सुटणारे पदार्थ आणि रात्रभर वाढणारे जंतू, हे मात्र २१० ला दिसतात. काचेची बाटली घ्या, साबणाने धुतलेली नको. रात्रभर मशीन बंद असेल तर सकाळचं पहिलं लिटर-दोन लिटर सोडून द्या. लॅम्प साधारण वर्षाला बदलतात. सेंद्रिय पदार्थ तोडायचं काम १८५ नॅनोमीटरचा प्रकाश करतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे निळा उजेड बघून लॅम्प चांगला आहे असं समजू नका.

ताडून बघायला एचपीएलसी ग्रेड पाण्याची सीलबंद बाटली आणा. ते मेम्ब्रेनमधून गाळत बसू नका, गाळण्यातच घाण मिसळते.

भुसावळ_युटिलिटी
आरओला जाणारं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं का? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. पाणी तापलं की आरओतून क्षार जास्त निसटतात आणि डीआय कार्ट्रिज लवकर संपतं. टाकीत उजेड शिरत असेल तर शेवाळ वेगळंच. बोअर आटली म्हणून टँकर घेत असाल तर त्यात ब्लिचिंग पावडर असू शकते, आणि क्लोरीन आरओ मेम्ब्रेन खातो. कार्बन फिल्टर तुम्ही लिहिलेला दिसला नाही.

जळगाव_क्यूसी
टाकी गच्चीवरच आहे, टँकरही चालू आहे, कार्बन फिल्टर नाही. मालकांना सांगितलंय.

रन झाले. इंजेक्शन न देताही दोन्ही पीक आले. २१ चा ५, १५, ३० मिनिटांना वाढतच गेला आणि बाटलीच्या पाण्यावर गायब झाला. १७ चा मात्र प्रत्येक वेळी तेवढाच, बाटलीच्या पाण्यावरही.

धुळेकर_ॲनालिस्ट
२१ चा तुमच्या पाण्याचाच. १७ चा थांबण्याच्या वेळेबरोबर वाढत नाही, म्हणजे तो ए मधला नाही. ॲसिटोनायट्राईलची दुसऱ्या लॉटची बाटली लावा आणि बी लाईनचा सिंकर फिल्टर (बाटलीत बुडालेला) नवा टाका. तरी राहिला तर ए-बी एकत्र करणारा मिक्सर बघू. सरांना ५ आणि ३० मिनिटांचे क्रोमॅटोग्राम एकावर एक ठेवून दाखवा, कॉलमची ऑर्डर थांबेल.