जेसन रिंगेनबर्गने मुलांसाठी गाणे ही माघार होती का?

तबकडीप्रेमी :
१९८०च्या दशकातील अमेरिकी संगीत ऐकताना नॅशव्हिलच्या ‘जेसन अँड द स्कॉर्चर्स’ या बँडची मला गोडी लागली. कंट्री या अमेरिकी ग्रामीण संगीतातील गायक हँक विल्यम्सच्या वळणाच्या गाण्यांना पंक या आक्रमक रॉक प्रकाराचा वेग देणारा त्यांचा गायक जेसन रिंगेनबर्ग पुढे ‘फार्मर जेसन’ या नावाने लहान मुलांसाठी गाऊ लागला, असे वाचनात आले. मोठ्यांच्या संगीतात निभाव लागला नाही म्हणून त्याने ही वाट धरली का? जाणकारांनी कृपया सांगावे.

सप्तक :
निभाव लागला नाही, हे अर्धेच खरे आहे. रिंगेनबर्ग १९८१मध्ये इलिनॉयहून नॅशव्हिलला आला आणि गिटारवादक वॉर्नर हॉजेस, बासवादक जेफ जॉन्सन व ड्रमवादक पेरी बॅग्ज यांच्यासह त्याचा बँड नावारूपाला आला. १९८५च्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ या अल्बमची समीक्षकांनी वाखाणणी केली; परंतु कंट्रीच्या श्रोत्यांना हे संगीत फार धसमुसळे आणि रॉकच्या श्रोत्यांना फार गावरान वाटत असल्याने कौतुकाच्या मानाने खप कधीच झाला नाही. १९८९च्या ‘थंडर अँड फायर’नंतर बँड मोडला आणि नव्वदच्या दशकात पुन्हा जुळला. मुलांसाठीचा पहिला अल्बम मात्र २००३चा आहे. तोवर त्याचे एकल गायनही मार्गी लागले होते, त्यामुळे पडझडीशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही.

रानवाट :
कालक्रम मान्य; पण खरे उत्तर त्याच्या बालपणात आहे, असे मला वाटते. तो डुकरे पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात वाढला. त्यामुळे ट्रॅक्टर, कोंबड्या आणि गोठा हे त्याच्या बालगीतांतील जग शहरी माणसाने हौसेने रंगवलेले नाही. २००६च्या दुसऱ्या अल्बममध्ये तो शेतातून जंगलात शिरतो आणि तिथे चक्क पंक रॉक गाणारा स्कंक (दुर्गंधी फवारा सोडणारा अमेरिकी प्राणी) भेटतो! स्वतःचा धांगडधिंगा त्याने मुलांसाठी सौम्य केला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे कॅलिफोर्नियाच्या सेक्वोया राष्ट्रीय उद्यानात निवासी कलावंत म्हणून राहून त्याने रचलेली गाणी २०१९च्या ‘स्टँड टॉल’मध्ये आली, तो अल्बम मोठ्यांसाठी आहे, तरी रानाची ओढ तीच आहे.

जुनी सुई :
पोटापाण्याचा विचार त्यात नव्हताच, असे मानणे मात्र भाबडेपणाचे होईल. खपाच्या आकड्यांवर ज्याचे घर चालत नाही, अशा कलावंताला दुसरा श्रोतृवर्ग लाभणे ही मोठीच सोय असते. तरीही ‘माघार’ हा शब्द मला पटत नाही, कारण ‘फार्मर जेसन’ला प्रादेशिक एमी हा दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच काळात, २०१०मध्ये, स्कॉर्चर्सचा ‘हॅल्सियन टाइम्स’ही आला. आपण ‘लॉस्ट अँड फाउंड’ आणि २००६चा अल्बम लागोपाठ ऐकून पाहावेत. आवाजातील ती किंचित अनुनासिक आरोळी दोन्हीकडे सारखीच आहे.