डोपिंगमध्ये सापडलेल्या पोराला परत तालमीत घ्यावं का?

मिरजकर: आमच्या तालमीतला एक पोरगा डोपिंगमध्ये (बंदी असलेलं औषध घेताना) सापडला होता, बंदी आता संपली, रोज पहाटे येतो आणि गप माती उकरत बसतो पण जोड धरायला कुणी उभं राहीना. वस्ताद म्हणतात घ्या, पालक म्हणतात आमची पोरं बिघडतील. काय करावं?

कोरेगावकर: घ्या की. नरसिंग यादव तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, २०१६ ला चार वर्षांची बंदी बसली, रिओ ऑलिंपिक हुकलं, तरी २०२० ला मॅटवर परत आलाच. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटवाला स्टीव्ह स्मिथ बघा, २०१८ ला बॉल बेकायदा घासल्याच्या प्रकरणात वर्षभर बाहेर आणि २०१९ च्या ॲशेसमध्ये, म्हणजे इंग्लंडविरुद्धच्या कसोटी मालिकेत, ७७४ रन. पण तो सगळ्यांसमोर रडत चूक कबूल करून बसला होता, तुमच्या पोरानं केली का?

विट्याची ताई: आणि त्याच्याकडून जो हरला त्याचं काय? माझा भाऊ असाच एकाकडून हरला, त्यानं लंगोट खुंटीला टांगला तो आजतागायत तिथंच आहे, त्याला कुणी दुसरा चान्स दिला? आधी तुमच्या पोराला त्या हरलेल्या पोराच्या दारात जाऊन माफी मागू दे, मग खुशाल कुस्ती धरू दे.

मिरजकर: ताई, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. तो हरलेला पोरगा पलूसकडचा आहे, रविवारी दोघं जातो.