माइन्झच्या ढालीवर चाके का?

प्रश्न (रत्नागिरी):
जर्मनीत शिकणारा भाचा गणपतीला घरी आला, तेव्हा त्याने माइन्झ शहराचे चिन्ह छापलेला मग आणला. लाल ढालीवर सहा-सहा आऱ्यांची दोन पांढरी चाके तिरकी मांडली असून त्यांना क्रूसाने जोडले आहे. आमचे घराणे गाड्यांची चाके करणाऱ्या सुतारांचे, त्यामुळे माझी नजर आधी आऱ्यांवरच गेली. ऱ्हाईन आणि माइन यांच्या संगमासमोर वसलेल्या शहराने होडी किंवा मासा सोडून चाक का घेतले असावे?

उत्तर (चिपळूण):
आपल्याच व्यवसायाची दंतकथा आहे. 975 ते 1011 या काळात माइन्झचा आर्चबिशप, म्हणजे वरिष्ठ ख्रिस्ती धर्मगुरू, असलेला विलिगिस चाके करणाऱ्याचा मुलगा होता, म्हणून हिणवण्यासाठी उमरावांनी त्याच्या भिंतींवर आणि दारांवर पांढरी चाके रंगवली. त्याने ती पुसली नाहीत. उलट स्वतःच्या खोलीत लाल पार्श्वभूमीवर चाके काढून घेतली आणि खाली ‘विलिगिस, आपले मूळ विसरू नकोस’ असे लिहविले.

उत्तर (मालवण):
कथा मलाही आवडते, पण काळ जुळत नाही. ढालींवर वंशपरंपरागत चिन्हे काढण्याची रीत युरोपात बाराव्या शतकात रूढ झाली आणि विलिगिस तर 1011 मध्येच वारला. तो साध्या घरातला होता, हे त्याच्या समकालीन इतिवृत्तकार थीटमारने नोंदवले आहे. चाकाची गोष्ट त्यावर मागाहून बेतलेली दिसते. परशुरामाच्या बाणाची कथा आपण कौतुकाने सांगतो, पण तिच्या आधारे किनाऱ्याचे वय काढत नाही, तसेच हे. चाकाचे मूळ काही अभ्यासक ख्रिस्ताच्या नावाची अक्षरे गुंफलेल्या चिन्हात, तर काही बायबलमधील संदेष्टा यहेज्केल याला दिसलेल्या चाकांत शोधतात.

प्रश्नकर्ता:
पण चाके दोन का?

उत्तर (मालवण):
माइन्झचे आर्चबिशप मुलुखावर राज्यही करत; त्यांच्या सत्तेचे चिन्ह एकच चाक होते आणि शहराचे दोन, त्यामुळे ढाल कोणाची हे लगेच ओळखता येते. शतकानुशतके त्या सत्तेखाली राहिलेल्या एरफुर्ट शहराच्या ढालीवरही एकच चाक आहे. 1746 मध्ये सुरू झालेल्या होख्स्ट गावातल्या चिनीमातीच्या कारखान्याने तेच चाक आपल्या भांड्यांच्या तळाशी उमटवले.

प्रश्नकर्ता:
भाच्याने आणलेला मग लगेच उलटा करून पाहिला. तळाशी चाक नाही. भांडी धुण्याच्या यंत्राचे चित्र तेवढे आहे.