कंपनीशी सामंजस्य करार झाला. पुरवठा साखळीच्या अभ्यासक्रमासाठी त्यातून नेमके काय मागावे?

प्रश्न : वाणिज्य_अध्यापिका (मुंबई)

नमस्कार. मी मुंबईच्या उपनगरातील एका स्वायत्त महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे पुरवठा साखळी व्यवस्थापनाचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी एका लॉजिस्टिक्स कंपनीशी, एका किरकोळ विक्री करणाऱ्या कंपनीशी व एका मालवाहतूकदाराशी आम्ही सामंजस्य करार केले आहेत. करारांनुसार वर्षातून एक-दोन अतिथी व्याख्याने होतात, एक औद्योगिक भेट होते आणि सहाव्या सत्रात विद्यार्थी प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणासाठी जातात. त्या प्रशिक्षणाला ४ श्रेयांक आहेत, म्हणजे १२० तास.

या १२० तासांत काय घडते, याने मी अस्वस्थ आहे. एका विद्यार्थिनीने पूर्ण काळ जुनी चलने एक्सेलमध्ये भरली. दुसऱ्याला गेटवरच्या नोंदवहीत गाड्यांचे क्रमांक लिहायला बसवले. दोघांच्याही अहवालात पहिली दहा पाने कंपनीच्या संकेतस्थळावरची माहिती होती आणि शेवटी ‘खूप शिकायला मिळाले’ असे वाक्य होते. मुले प्रामाणिक आहेत, कंपनीचे लोकही सौजन्याने वागतात. पण वर्गात आम्ही मागणीचा अंदाज, साठ्याचे नियोजन, वाहतुकीचा खर्च असे जे शिकवतो, त्याचा आणि या कामाचा सांधा कुठेच जुळत नाही.

उद्योगात किंवा अध्यापनात असलेल्या मंडळींना माझे विचारणे असे आहे : कंपनीकडून नेमके काय मागावे, की जे देणे तिलाही परवडेल? अभ्यासक्रम ठरवताना कंपनीचे किती ऐकावे? आणि आम्ही तिला काय देऊ शकतो?

उत्तर : भिवंडी_गोदाम

मॅडम, मी पडघ्याच्या बाजूला एका मोठ्या गोदामाचे कामकाज पाहतो. त्यामुळे कंपनीच्या बाजूने लिहितो.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होण्यापूर्वी केंद्रीय विक्रीकर वाचवण्यासाठी कंपन्या जवळपास प्रत्येक राज्यात छोटे डेपो ठेवत असत. ते कारण संपल्यावर साठा मोठ्या गोदामांत एकत्र येऊ लागला आणि भिवंडीचा चेहरामोहरा बदलला. रॅकच्या उंच रांगा, स्कॅनर, गोदामाचे सॉफ्टवेअर हे सगळे आले. पण ते समजून चालवणारा मधल्या फळीतला माणूस मिळणे आजही कठीण आहे. आम्हाला तुमच्या विद्यार्थ्यांची गरज आहे, हे मी मनापासून सांगतो.

अडचण अशी की, विद्यार्थी ज्याच्या हाती सोपवला जातो त्या सुपरवायझरला संध्याकाळपर्यंत ठरलेला माल बाहेर काढायचा असतो. करारावर सही करणारे संचालक वेगळे आणि विद्यार्थ्याला सांभाळणारा माणूस वेगळा. सुपरवायझरला कोणी काही सांगितलेलेच नसते, म्हणून तो चुकले तरी नुकसान होणार नाही असे काम देतो. ते काम म्हणजे चलने भरणे.

म्हणून कंपनीकडे ‘प्रशिक्षण द्या’ असे मागू नका. एक प्रश्न मागा आणि त्या प्रश्नाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे तो माणूस मागा. आमच्याकडे गाड्या दारात फार वेळ थांबतात अशी वाहतूकदारांची तक्रार होती. आलेल्या विद्यार्थ्यांना आम्ही प्रत्येक गाडीच्या पाच वेळा टिपायला सांगितल्या : गेटवर आली तेव्हा, डॉकला लागली तेव्हा, माल उतरवणे सुरू झाले तेव्हा, उतरवून झाला तेव्हा आणि पावतीचे कागद हातात घेऊन बाहेर पडली तेव्हा. आमची समजूत होती की माणसे कमी पडतात. टिपणे पाहिल्यावर दिसले की प्रत्यक्ष उतरवायला लागणारा वेळ ठीकच आहे. गाडी अडकते ती शेवटच्या टप्प्यात, कारण खरेदी आदेशातला आणि चलनातला मालाचा कोड जुळत नाही आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला माणूस मुख्य कार्यालयात बसतो. हा निष्कर्ष आम्हाला हवा होता, आणि मुलांना खरेदी, गोदाम व हिशेब ही तीन खाती एकमेकांना कशी अडवतात ते डोळ्यांनी दिसले. गेटवर गाडीचे क्रमांक लिहिणे हेच काम. पण ते प्रश्नाला जोडले की अभ्यास होतो.

आणखी दोन गोष्टी. तुमचे वेळापत्रक आमच्या हंगामाशी जुळत नाही. ग्राहकोपयोगी मालाचा खरा ताण गणपतीपासून दिवाळीपर्यंत असतो, शिवाय प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. मुले येतात ती परीक्षांच्या सोयीने, मोकळ्या काळात, आणि त्यांना वाटते की गोदामात फारसे काही घडतच नाही. दुसरे, येण्याजाण्याचा विचार करारातच करा. भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर आहे, गाड्या मोजक्याच. बहुतेक मुले ठाणे किंवा कल्याणहून रिक्षा बदलत येतात. कंपनीची बस कामगारांना आणते, तिच्यात विद्यार्थ्यांना जागा मिळेल असे एक वाक्य करारात असेल तर मुलींच्या पालकांची निम्मी काळजी मिटते. हे वाक्य मी अजून एकाही करारात पाहिलेले नाही.

उत्तर : निवृत्त_प्राध्यापक

वरील उत्तराशी सहमत आहे. मी अनेक वर्षे ऑपरेशन्स हा विषय शिकवला; महाविद्यालयाच्या बाजूने थोडे लिहितो.

विद्यापीठ आणि कारखाना यांची सांगड घालण्याचा प्रयोग नवा नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. एक आठवडा एकजण वर्गात आणि दुसरा कारखान्यात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. यातले शहाणपण असे की कारखान्यातली जागा कधीच रिकामी राहत नाही, त्यामुळे मालकाला त्या जागेवर खरे काम सोपवता येते. आपण सगळ्या मुलांना एकदम पाठवतो आणि एकदम परत बोलावतो; अशा वेळी कोणताही व्यवस्थापक महत्त्वाचे काम त्यांच्यावर अवलंबून ठेवणार नाही. स्वायत्त महाविद्यालयाला वेळापत्रकात एवढी लवचीकता आणता येते. १२० तास सलग तीन-चार आठवड्यांत उरकण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस असे सत्रभर पसरवून पाहा आणि जोड्या करा.

आपल्या शहरालाही ही परंपरा आहे. पवईची नीटी ही संस्था १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने स्थापन झाली ती मुळातच उद्योगांच्या उत्पादकतेसाठी, आणि २०२३ मध्ये तिचे आयआयएम मुंबई झाले. तिथे ऑपरेशन्स आणि पुरवठा साखळी या विषयांचा दबदबा निर्माण झाला तो कारखान्यांशी असलेल्या रोजच्या संबंधांतून. तुमच्या महाविद्यालयाची साधने तेवढी नसतील. पण भिवंडी, तळोजा, वाशीचा बाजार आणि न्हावा-शेवा हे सगळे तुमच्यापासून तासा-दोन तासांवर आहे, आणि हे भाग्य फार थोड्या महाविद्यालयांना लाभते.

अभ्यासक्रमाबाबत मात्र माझे मत ठाम आहे. अभ्यास मंडळावर उद्योगाचा प्रतिनिधी असावाच, आणि स्वायत्त महाविद्यालयांसाठी तशी तरतूदही आहे. परंतु काय शिकवायचे याची अंतिम जबाबदारी शिक्षकाने सोडू नये. कंपनीला आज एखादे विशिष्ट सॉफ्टवेअर येणारा मुलगा हवा असतो. पाच वर्षांनी ते सॉफ्टवेअर बदलते. बदलत नाही ते असे : पुरवठ्याला लागणारा काळ चौपट झाला तर, मागणीतील चढउतार दिवसागणिक स्वतंत्र असल्यास, सुरक्षित साठा, म्हणजे मागणी अचानक वाढली तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला जादा माल, चौपट लागत नाही, दुप्पट लागतो, कारण तो काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हे ज्याला उमगले तो कोणत्याही पडद्यासमोर बसला तरी आकडा चुकीचा आहे की बरोबर हे ओळखतो.

कंपनीच्या लोकांना व्याख्यानाऐवजी खेळायला बोलवा, असेही सुचवतो. एमआयटीमध्ये १९६० च्या सुमारास तयार झालेला ‘बिअर गेम’ कागदाच्या चिठ्ठ्यांवरही खेळता येतो. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार जागा. प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची मागणी दिसते आणि माल काही आठवड्यांनी पोहोचतो. ग्राहकाची मागणी एकदाच थोडी वाढते, पण कारखान्यापर्यंत जाताजाता तिचे प्रचंड चढउतार होतात. वितरकाच्या जागी खरा वितरक बसवा. खेळ संपल्यावर तो आपल्या धंद्यातली उदाहरणे आपणहून सांगू लागतो, आणि तो अर्धा तास कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचा असतो.

एक राहिले. आपली पाठ्यपुस्तके बहुतांशी परदेशी आहेत. महाराष्ट्रात माल चढवणे-उतरवणे समजायचे तर १९६९ चा माथाडी कायदा समजला पाहिजे. तो वगळून गोदामाचा खर्च शिकवणे अपुरे आहे. माथाडी मंडळाच्या कामाची माहिती असलेल्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला वर्गात अवश्य बोलवा.

उत्तर : न्हावाशेवा_क्लिअरिंग

मॅडम, सर, नमस्कार. मी याच प्रकारच्या पदवीतून बाहेर पडले आणि आता एका कस्टम्स ब्रोकरकडे, म्हणजे आयात-निर्यातदारांच्या वतीने सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्याकडे, काम करते. आमचे तिसरे वर्ष अप्रेंटिसशिपचे होते, म्हणून तो पर्याय सुचवते.

अप्रेंटिसशिप जोडलेल्या पदवीत विद्यार्थ्याचा कंपनीशी वेगळा करार होतो आणि त्याला विद्यावेतन मिळते. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहेच. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. नॅट्स या केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग केंद्र सरकार भरून देते आणि पश्चिम विभागाचे कार्यालय आपल्या शीवलाच आहे. म्हणजे तुम्ही कंपनीकडे उपकार मागायला जात नाही. तिला कायद्याने जे करायचेच आहे ते नीट करायला मदत करता. लहान कंपन्यांना याची माहिती नसते. महाविद्यालयाने योजनेच्या पोर्टलवरची नोंदणी करून दिली, तर तीच तुमच्याकडून मोठी देणगी ठरेल.

माझ्या शिकण्याबद्दल सांगायचे तर, पहिले काही आठवडे मीही फक्त कागद स्कॅन करत होते. फरक पडला तो आमच्या महाविद्यालयाच्या मार्गदर्शक मॅडममुळे. त्या ठरावीक अंतराने प्रत्यक्ष येत आणि माझ्या वरिष्ठांसमोर बसून विचारत, ‘या कंटेनरला एवढे दिवस का लागले, हे ही मुलगी शोधू शकेल का?’ मग मला कस्टम्समधून सुटलेल्या कंटेनरांच्या फायली मिळाल्या. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे कस्टम्ससाठीचे विवरणपत्र, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावे लागते, हे मला पुस्तकातून माहीत होते. फायलींत दिसले की ज्या कंटेनरांवर जहाज कंपनीने दिलेले मोफत दिवस संपल्यानंतरचे शुल्क बसले, त्यांतले बरेच बंदरामुळे रखडलेले नव्हतेच. आयातदाराकडे मूळ कागदपत्रे उशिरा आली होती किंवा ड्युटीचे पैसे वेळेत भरले गेले नव्हते. एका बाजूला थेट बंदरातून माल उचलण्याची सोय, आणि दुसऱ्या बाजूला कुरिअरमध्ये अडकलेले एक पाकीट. तो अहवाल आमच्या कार्यालयाने ग्राहकांना दाखवायला वापरला.

तेव्हा माझी विनंती एवढीच की महाविद्यालयाच्या शिक्षकांनी तिथे यावे. फोनवर चौकशी केली की ‘सगळे छान चालले आहे’ असेच उत्तर मिळते.

प्रतिसाद : वाणिज्य_अध्यापिका

सर्वांचे मनापासून आभार. जोड्या करून आठवड्यातून दोन दिवस पाठवण्याची कल्पना मी पुढच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत मांडणार आहे, आणि शिक्षकांच्या भेटी त्यांच्या कार्यभारात मोजल्या जाव्यात असा ठरावही ठेवणार आहे. नाहीतर त्या भेटी कोणाच्या तरी उत्साहावरच अवलंबून राहतील. एक शंका उरते. खरा प्रश्न द्यायचा म्हणजे खरी आकडेवारी द्यावी लागते, आणि तिथे कंपन्या हमखास मागे सरतात. यावर उपाय काय?

उत्तर : भिवंडी_गोदाम

मॅडम, भीती दरांची आणि ग्राहकांच्या नावांची असते, हालचालींची नसते. म्हणून किमती मागूच नका. मालाच्या आणि ग्राहकांच्या नावांऐवजी क्रमांक घाला, सर्व नग एकाच गुप्त संख्येने गुणून द्यायला सांगा. चढउतारांचे स्वरूप तसेच राहते आणि विक्रीचा खरा आकडा कळत नाही. तारखा मात्र बदलू देऊ नका. आदेश कधी आला, माल कधी निघाला, कधी पोहोचला या तीन तारखा हातात असतील तर विद्यार्थ्याला सत्रभर पुरेल इतके काम त्यात आहे. आकडेवारी मागच्या वर्षीची घ्या, म्हणजे मंजुरी लवकर मिळते. गोपनीयतेचे पत्र एका पानाचे ठेवा आणि त्यावर विद्यार्थ्याबरोबर मार्गदर्शक शिक्षकाचीही सही घ्या. आमच्या विधी विभागाला शिक्षकाच्या सहीचा आधार वाटतो. दिवाळीच्या हंगामात मुले हवी असतील तर पत्र आमच्याकडे जूनअखेरपर्यंत पोहोचले पाहिजे, कारण हंगामाची माणसे आम्ही जुलैतच ठरवतो.