ब्रिटनच्या लेबर पक्षाचा नेता मध्येच बदलायचा तर?

प्रश्न: पक्षाच्याच खासदारांनी अविश्वास ठराव मंजूर केला की नेता जातो ना?

उत्तर १: नाही. 2016 मध्ये तेव्हाचे नेते जेरेमी कॉर्बिन असा ठराव 172 विरुद्ध 40 मतांनी हरले, तरी पदावर राहिले. लेबरच्या नियमांत त्या ठरावाने नेता जात नाही. आव्हान देणाऱ्याला पक्षाच्या 20 टक्के खासदारांचा पाठिंबा लागतो. खासदार 400 असतील तर 80 नावं, तीही एकाच उमेदवारामागे. नाराजी तिघांत वाटली गेली की सगळं तिथेच अडतं. विद्यमान नेत्याला मात्र सह्या लागत नाहीत. शेवटी कौल पक्षसदस्यांचा.

उत्तर २: मी लेबरवाला, म्हणून स्पष्ट सांगतो. 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीत 33.7 टक्के मतांत 411 जागा आल्या. एकूण मतं 2019 पेक्षाही कमी. पाया इतका उथळ असताना नुसता चेहरा बदलून काय होणार?