मुलांना जुने मुके विनोदी सिनेमे दाखवायचेत, सुरुवात कशानं करू?

मंगळवारपेठकर: थोरला आठ वर्षांचा, धाकटी पाचची. सुट्टी लागलीय, दुपारी उन्हात सोडता येत नाही. रविवारी हौसेनं चॅप्लिनचा 'द किड' लावला. पोराला अनाथाश्रमात न्यायला माणसं येतात तिथं धाकटीनं असं भोकाड पसरलं की शेजारच्या काकू धावत आल्या. थोरल्याचं वेगळंच, "पप्पा, टीव्हीचा रंग गेलाय काय?" आता काय लावू?

शाहूपुरीची_आई: दादा, 'द किड' मोठ्यांनाही रडवतो, तो मागनं. आधी लॉरेल-हार्डीचा 'द म्युझिक बॉक्स' (1932) लावा. बोलपट आहे, पण इंग्रजी कळलं नाही तरी काही अडत नाही. जेमतेम अर्धा तास. खोक्यातला पियानो लांबलचक पायऱ्यांवरनं वर चढवायचा, एवढीच गोष्ट. खोकं घरंगळणार हे पोरांना आधी कळतं, त्या दोघांना नाही. आमची टीव्हीला ओरडत होती, "अरे धरा की त्याला!"

तात्या_रंकाळा: भावा, मुकाच पाहिजे तर बस्टर कीटनचा 'वन वीक' (1920). नवं जोडपं, खोक्यांतनं आलेलं घर स्वतः जोडायचं, आणि जळक्या माणसानं खोक्यांवरचे आकडे बदललेत. दार भलतीकडंच. शेवट सांगत नाही.

मधल्या पाट्या इंग्रजीत असतात, त्या आपणच कोल्हापुरीत वाचायच्या. पाटी नसली तरी मी त्या बायकोला "अवो, ऐकलं का" म्हणायला लावतो. बाबूराव पेंटरांनी मूकपट काढले त्या गावात एवढं जमायलाच पाहिजे.

माणसं फारच तुरुतुरु पळाली तर दुसरी प्रत शोध. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला चोवीसपेक्षा कमी चित्रं निघायची. तीच फीत चोवीसनं पळवली की सगळ्यांच्या पायाला भिंगरी.

थोरल्याला कीटनच्याच 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मधलं (1928) वादळ दाखव. घराची अख्खी भिंत अंगावर पडते आणि गडी खिडकीच्या भोकात उभाच्या उभा. भिंत खरी होती म्हणून सांग, रंगाचं नाव काढणार नाही.

मंगळवारपेठकर: तात्या, 'वन वीक' झाला, रेल्वेचा भाग तीनदा मागं घेतला. धाकटीला वाकडं घर पाहिजे, म्हणून सगळ्या उशा हॉलमध्ये. उद्या पियानो. आमच्या जिन्याला कठडा नाही, तेवढं आधी बघतो.