असाइनमेंट परत आली तेव्हा

निकालाच्या रकान्यात ‘रेफर’, म्हणजे ‘सुधारून पुन्हा द्या’, दिसलं की पोटात गोळा येतो. असेसरनं (काम तपासणाऱ्यानं) परत पाठवलेली असाइनमेंट तुम्ही कशी सुधारलीत? उपदेश नको, घडलं ते लिहा. सुरुवात मी करते.

माझा कोर्स मॅनेजमेंटचा, लेव्हल ५ (ब्रिटिश व्यावसायिक कोर्सची पायरी). शेरा एवढाच: ‘वर्णन आहे, मूल्यमापन नाही.’ निकषात ‘मूल्यमापन करा’ असं स्वच्छ छापलेलं, आणि मी आपली मीटिंगची गोष्ट सांगत बसले होते! तीन दिवस फाइलच उघडली नाही. मग प्रत्येक परिच्छेदाखाली ‘बरं, मग?’ असं लिहीत गेले. आधीचं वाक्य होतं, ‘दर सोमवारी टीमचा फीडबॅक घेते.’ त्याचं झालं, ‘सोमवारच्या फीडबॅकचा नवख्यांना उपयोग झाला, जुन्यांना मात्र ती हजेरी वाटू लागली, त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा पुरे.’ जिथे ‘बरं, मग?’ला उत्तरच नव्हतं, ते परिच्छेद काढले. शब्दमर्यादाही त्यातच सांभाळली गेली.

अर्धविराम : माझं उलटं. शेरा एका निकषावर, मी उत्साहात सगळंच नव्यानं लिहिलं. त्यात आधी पास झालेला निकष १.२ गायब! पुन्हा परत. आता सांगितलं तेवढंच बदलतो, तेही वेगळ्या रंगात.

दुपारचा_चहा : पोर्टफोलिओत (पुराव्यांच्या फाइलीत) साक्षीदाराचं, म्हणजे मला काम करताना पाहिलेल्याचं, निवेदन होतं, त्यावर तारीख-सही नव्हती. काम दोन मिनिटांचं. सुपरवायझर रजेवर, म्हणून तीन आठवडे गेले.

निळी शाई : बीटेक हायर नॅशनलला (BTEC, ब्रिटिश व्यावसायिक कोर्स; इंजिनिअरिंगची B.Tech पदवी नव्हे) पुन्हा सादर करायची संधी एकदाच, आणि त्या कामाला ग्रेड ‘पास’च्या वर जात नाही. हे मला परत आल्यावर कळलं. नियम पहिल्या दिवसापासून हँडबुकात होता, वाचला कोणी?

काठावरून : मी असेसर आहे, शिव्या खायला आलोय. शेऱ्यात उत्तर सांगितलं तर ते काम तुमचं राहत नाही, म्हणून आमचे शेरे कोड्यासारखे वाटतात. पण ‘यातलं नेमकं कोणतं वाक्य अपुरं पडलं?’ असं विचारलंत तर सांगता येतं. फार थोडे विचारतात. बरेच जण दोन संदर्भ वाढवून तेच परत पाठवतात.

रातराणी : अरे देवा, मी कालच दोन संदर्भ वाढवलेत. मुदत शुक्रवारची आहे. आत्ताच मेल टाकते.